उष्टी गव्हाण

खालच्या मजल्यावरच्या मार्थाबाई नाताळचा गोठा मांडत होत्या. खोक्याचं छप्पर, खाली खरं गवत, मातीची गाय आणि मधोमध एक रिकामी लाकडी पेटी.

"हा पाळणा का हो?" मी विचारलं.

"पाळणा कुठला? गव्हाण आहे ती. गावात कुणी जागा दिली नाही, मग आईनं बाळाला गव्हाणीतच निजवलं."

आजोळची गव्हाण मला चांगली आठवते. गुरांनी चाटून चाटून तिचं लाकूड गुळगुळीत झालेलं असे, कडेला लाळेनं भिजलेला कोंडा चिकटलेला. अख्ख्या गोठ्याचं उष्टं तिथं. नाताळ म्हणजे चांदणी आणि केक, एवढंच मला ठाऊक. देवानं अंग टेकलं ते अशा उष्ट्या जागी, हे कधी मनातच आलं नव्हतं.

निघताना त्यांनी करंज्यांची ताटली हातात दिली आणि दरवर्षीसारखं हळूच म्हणाल्या, "अंडं नाही हं यात. तुमच्यासाठी कढईसुद्धा वेगळी ठेवते."

मी कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच त्या येऊ देत नसत. दरवर्षी मी ताटली घासून, रिकामी देऊ नये म्हणून साखर घालून परत करायचे आणि "छान झाल्या होत्या" असं सांगायचे. करंज्या मात्र सगळ्या भांडीवालीच्या पिशवीत जायच्या.

आज जिन्यातच थांबले आणि एक तोंडात घातली. खुसखुशीत होती, वेलदोडा अगदी बेताचा.

छान झाल्यात, हे आता कुठल्या तोंडानं सांगू?