दहा यार्डांचा हट्ट

कौमुदी गद्रे चिंचवडच्या एका कॉलेजात आठ वर्षं संख्याशास्त्र शिकवत होती. मग नवऱ्याला, सुरेशला, कावासाकीचं दोन वर्षांचं कंत्राट मिळालं. त्या दोन वर्षांना यंदा अकरा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं तिने स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, काउंटरवर काम केलं आणि जपानी तिथेच शिकली. त्यामुळे तिची जपानी एकाच सुरात चालते, आणि तो सूर कमालीच्या अदबीचा आहे. ती कुणाशी कडाडून भांडली तरी समोरच्याला वाटतं, बाई पिशवी हवी का म्हणून विचारताहेत.

सुरेश ज्या कंपनीसाठी काम करायचा तिथल्या लोकांचा अमेरिकन फुटबॉलचा हौशी संघ होता. तळाच्या लीगमध्ये तो दरवर्षी खालून दुसरा येई आणि त्यात त्याचं सातत्य वाखाणण्यासारखं होतं. संघाला मॅनेजर हवी होती. कौमुदी गेली तेव्हा कळलं की मॅनेजरने पाण्याच्या बाटल्या भरायच्या, टॉवेल धुवायचे आणि सामन्याची टिपणं ठेवायची. बाटल्या तिने भरल्या, टॉवेल धुतले. टिपणांच्या बाबतीत मात्र संघाने माणूस चुकीचा निवडला होता. ही बाई टिपणं ठेवून थांबणाऱ्यांतली नव्हती, ती वाचणाऱ्यांतली होती.

या खेळात गुण मिळवले की, आणि हाफ सुरू होतानाही, एका संघाने बॉल जमिनीवरच्या टेकूवर ठेवायचा आणि लाथेने समोरच्यांकडे धाडायचा. शहाणी माणसं तो लांब धाडतात. पण नियमात एक वाट आहे: बॉल दहा यार्ड पुढे गेला की तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. तेव्हा कुणी मुद्दाम आखूड लाथ मारतो, बॉल गडगडत जातो, मध्येच उसळतो आणि दोन्हीकडचे गडी त्यावर झेपावतात. याला ऑनसाइड किक म्हणतात. ती मारतात कधी, तर हरायला दोन मिनिटं उरली असताना, दुसरं काही सुचत नाही म्हणून. तोवर समोरचेही सावध उभे असतात, साहजिकच ती फसते.

कौमुदीने लीगचे तीन हंगाम तपासले. सगळ्यांना ठाऊक असताना मारलेल्या अशा लाथा सदतीस, त्यांतल्या जमल्या चार. कुणाच्या ध्यानीमनी नसताना मारलेल्या चार, त्यांतल्या जमल्या तीन. चाराच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही हे ती स्वतःच विद्यार्थ्यांना आठ वर्षं सांगत आली होती. पण तिने व्हिडिओही पाहिले होते. लांब लाथेची सवय झालेली पुढची फळी बॉलला पाय लागायच्या आधीच पाठ फिरवून मागे धावू लागते. त्सुकुबाच्या संघाचा चोपन्न नंबरचा गडी तर इतका लवकर वळायचा की जणू त्याची शेवटची गाडी सुटत होती.

प्रशिक्षक कुरोदा-सान अठ्ठावन्न वर्षांचे, कंपनीत नियोजन विभागाचे प्रमुख. नवी गोष्ट करायची तर आधी प्रत्येकाशी वेगवेगळं बोलून घ्यायचं, मग कागद फिरवायचा आणि बैठकीत सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं मान हलवायची, ही त्यांची कामाची रीत. कौमुदीने ती पाळली. लाथ मारताना मैदानात उतरणाऱ्या अकराही जणांना ती भेटली. त्याला तीन आठवडे लागले. लाथ मारणारा मिझुनो चोवीस वर्षांचा होता आणि आजवर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. तो पहिल्याच भेटीत हो म्हणाला. शेवटी कागदावर शिक्के पडले: त्सुकुबाविरुद्ध, दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला, एकदा. त्या दिवशी कौमुदी कानाला हेडसेट लावून कुरोदा-सानांशेजारी उभी राहील. जमलं तर हेडसेट कायमचा तिचा. फसलं तर हेडसेट परत, आणि ती पुन्हा फक्त बाटल्यांची.

इथे कौमुदीने स्वतःच्या हाताने घोळ घातला. तामा नदीकाठचं मैदान नगरपालिकेचं. सरावासाठी फॉर्म भरावा लागतो आणि त्यात ‘वापराचा तपशील’ असा रकाना असतो. बाकीचे संघ तिथे ‘सराव’ असं लिहून मोकळे होतात. पण कावासाकीतल्या पहिल्या वर्षी कौमुदीची कचऱ्याची पिशवी तीनदा दारात परत आली होती, चुकीचा वार, चुकीचा प्रकार, अशी विनयशील चिठ्ठी चिकटवून. तेव्हापासून या देशातला एकही रकाना ती अर्धवट सोडत नसे. तिने लिहिलं: सकाळी दहा वीस ते अकरा, दुसऱ्या हाफच्या आरंभी अचानक मारायच्या आखूड किकचा सराव, आठ वेळा, दिशा डावी. मैदानाच्या कचेरीने फॉर्मची प्रत शिरस्त्याप्रमाणे बाहेरच्या फलकावर लावली.

सामन्याच्या आठवडाभर आधी, शनिवारी, त्सुकुबाची मंडळी मैदान पाहून जायला आली. परगावी सामना असला की आधी जाऊन स्वच्छतागृह कुठे, गाडी कुठे लावायची, हे पाहून ठेवायची इथे पद्धत आहे. त्यांनी पार्किंगच्या नियमांचा फोटो काढला. शेजारचा कागद फोटोत आपसूक आला.

सोमवारी त्यांच्या मॅनेजरबाईंची ईमेल आली. आपला डाव आमच्याकडून अनवधानाने वाचला गेला, त्याबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. वाचलेलं विसरणं शक्य होत नाही. आपल्याला कळवल्याशिवाय खेळणं योग्य वाटलं नाही.

कौमुदीने ती दोनदा वाचली. गुपित फोडल्याबद्दल शत्रूनेच माफी मागावी, असा प्रसंग तिच्यावर पूर्वी आला नव्हता. संध्याकाळी तिने सुरेशला सांगितलं. सुरेश मूळचा सावध, त्यात कुरोदा-सानांच्या विभागाचंच काम त्याच्याकडे.

“अगं, सोडून दे,” तो म्हणाला. “चूक तुझी आहे. वाकून माफी माग, बाटल्या भर, वर्षभराने पुन्हा विचार.”

“वर्षभराने मी चव्वेचाळीस.”

“तुला कुठे खेळायचंय?”

“म्हणूनच. खेळणाऱ्यांचं वय होतं रे. माझा फक्त नंबर लागत नाही.”

सुरेशने यावर भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी कुरोदा-सानांनी डाव रद्द करावा असं सुचवलं. मग त्यांच्याच लक्षात आलं की रद्द करायचं तर पुन्हा अकरा जणांशी बोलावं लागेल, कागद पुन्हा फिरवावा लागेल, आणि सामना रविवारी होता. डाव त्यामुळे वाचला. पण कौमुदीला तेवढ्याने भागणार नव्हतं. तिने दोन मागितल्या.

“पहिली फसेल,” ती म्हणाली, त्या पिशवी विचारण्याच्या सुरात. “ते वाट बघत उभे असतील. फसल्यावर आपण शरमून जाऊ, हे त्यांना माहीत आहे. एकदा तोंडावर आपटल्यावर त्याच दिवशी पुन्हा तीच उडी कोण मारतं, कुरोदा-सान?”

“कोणीही मारत नाही.”

“क्षमस्व. आपण मारू.”

कुरोदा-सानांनी दातांमधून हवा आत ओढली. इथे याचा अर्थ नाही असा होतो. कौमुदीला हे अकरा वर्षं ठाऊक होतं. तिने ते ऐकलं नाही असं ठरवलं.

रविवारी पहिला हाफ संपला तेव्हा त्सुकुबा तेरा, कावासाकी दहा. दुसऱ्या हाफची पहिली लाथ कावासाकीची होती. त्सुकुबाची फळी हात पुढे करून, गुडघ्यात वाकून डावीकडे दाटीने उभी होती. मिझुनोने कागदावर लिहिल्याप्रमाणे मारली. बॉल अकरा यार्ड गेला आणि चोपन्न नंबर त्यावर कोंबडी अंड्यावर बसावी तसा शांतपणे बसला. तिथून त्सुकुबाने आणखी तीन गुण काढले. सोळा-दहा. कुरोदा-सान आपल्याच बाकड्याकडे वळून कमरेत वाकले. अकराही जण उलट वाकले. पलीकडच्या बाजूला मॅनेजरबाई सहानुभूतीने मान खाली घालून उभ्या होत्या. असा सुरेख, मनापासूनचा पराभव समोर दिसल्यावर त्सुकुबाच्या लेखी तो विषय संपला.

कौमुदी वाकली नाही. कुरोदा-सानांनी हेडसेटसाठी हात पुढे केला. तिने त्या हातात पाण्याची बाटली दिली. त्यांना तहान लागली होतीच, ते प्यायले.

दुसऱ्या हाफच्या मध्यानंतर कावासाकीने रेटून सहा गुण मिळवले, वर एक. सतरा-सोळा. संघ पुढे होता आणि नऊ मिनिटं बाकी होती. अशा वेळी आखूड लाथ मारणाऱ्याला वेड्यात काढतात. कौमुदीने दुर्बीण लावली. त्सुकुबाची फळी सैल उभी होती आणि चोपन्न नंबरचा डावा पाय आधीच मागे वळला होता.

“आत्ता,” ती म्हणाली.

“आपण पुढे आहोत,” कुरोदा-सान म्हणाले. “आणि कागदावर एकदाच लिहिलंय.”

“कागद संपला, कुरोदा-सान. हे माझं तोंडी आहे. फसलं तर मी जाते, तुम्हाला सांगावंही लागणार नाही.”

ते काही बोलले नाहीत. या देशात गप्प राहण्याचे पुष्कळ अर्थ निघतात. कौमुदीने सोयीचा घेतला आणि मिझुनोला हात केला. मिझुनोने खरं तर प्रशिक्षकांकडे बघायला हवं होतं. त्याने तिच्याकडेच बघितलं आणि मग पायाकडे.

या वेळी बॉल उजवीकडे गेला. दोनदा जमिनीलगत गडगडला आणि तिसऱ्या टप्प्याला छातीएवढा उसळला. चोपन्न नंबर पाठमोरा चार पावलं गेला होता. मागचा आरडाओरडा ऐकून तो वळला, पण वळायला लागणारा वेळ त्याने आधीच खर्च केला होता. मिझुनोने स्वतःच अंग फेकलं. त्याच्यावर सहा जण पडले, आणि पंच एकेकाला उचलून बाजूला करेपर्यंत बॉल कुणाचा हे त्या ढिगाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यात खाली मिझुनो होता. बॉल पोटाशी धरून, डोळे मिटून, जणू पहाटेचा गजर ऐकायचाच नव्हता.

पंचांचा हात कावासाकीच्या बाजूने गेला.

इथे सामना जिंकायला हरकत नव्हती. पण कावासाकीचा संघ कावासाकीचाच होता. हाती आलेला बॉल त्यांनी चार प्रयत्नांत वाया घालवला, आणि शेवटच्या मिनिटाला त्सुकुबाने लांबून लाथ मारून तीन गुण काढले. एकोणीस-सतरा. हरले.

मंगळवारी बैठक झाली. कुरोदा-सानांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की दुसरी किक कोणत्याही मंजुरीशिवाय मारली गेली, ही गंभीर बाब आहे. अकरा जणांनी माना खाली घातल्या. मिझुनोच्या हनुवटीला पट्टी होती, तरी त्याची मान जरा कमीच खाली गेली. कौमुदीसमोर हेडसेट टेबलावर ठेवला होता. तिने तो अजून कुणाच्या हातात दिला नव्हता.

“यापुढे,” कुरोदा-सान म्हणाले, “अशी किक मारायची असेल तर गद्रे-सानांनी मला आधी सांगावं.”

यापुढे. कौमुदीने तो शब्द ऐकला आणि हेडसेट उचलून पिशवीत टाकला. थांबायचं तर इथे थांबता आलं असतं.

“क्षमस्व,” ती म्हणाली. “तुम्हाला आधी सांगता येणार नाही.”

तिने पिशवीची चेन ओढली.

“तुम्हाला सांगितलं की ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. पहिल्या किकच्या वेळी फलकाची गरजच नव्हती. मी व्हिडिओ पाहिला. तुम्ही पाच मिनिटं आधीपासून डावीकडे बघत होतात.”

कुरोदा-सानांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. नियोजन विभागात तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याच्या चेहऱ्याबद्दल कुणी आकडेवारीसकट काही सांगितलं नसावं.

“मग निदान मिझुनोला सांगा,” ते म्हणाले.

“त्याला सांगावंच लागतं,” कौमुदी म्हणाली. “पाय त्याचा आहे.”