भित्तिपत्रकावरची कावीळ

कॉलेजात मी दोनच निबंध लिहिले. तसे पुष्कळ लिहिले, पण ते गाईडमधून उतरवलेले. त्यांची मला लाज नाही आणि आठवणही नाही. हे दोन मात्र स्वतःच्या डोक्यानं लिहिले, आणि ते मी अजून निस्तरतेय.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कोल्हापुरात आम्हाला नव्या मॅडम आल्या. मराठीच्या लेखनाचा पेपर त्यांच्याकडे. पहिल्याच तासाला त्यांनी गाईड बंद करून टाकलं. म्हणाल्या, एक निबंध प्रक्रियेचा लिहायचा. एखादं काम पायरीपायरीनं असं सांगायचं की वाचणाऱ्याला ते करता आलं पाहिजे. दुसरा वक्तृत्वाचा. कुणीतरी कुणाला काहीतरी पटवून दिलं, ते नेमकं कसं पटवलं याची चिरफाड करायची. निम्म्या वर्गानं पहिल्या निबंधाला चहा कसा करावा ते लिहिलं. मी वहिफणी लिहिली.

आमचं घर कबनूरला, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, वहिफणीचं काम करायचे. मागावर नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा भला मोठा रूळ, चढला की त्याचा एकेक धागा आधी वहीच्या, म्हणजे तारांच्या चौकटीच्या, बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या दातातून ओढून घ्यायचा. असे हजारो धागे. कामाला दोघं लागतात. एकानं मागून धागा द्यायचा, दुसऱ्यानं पुढून आकड्यानं ओढायचा. त्या वर्षी आप्पांचा जोडीदार काम सोडून गेला आणि दुसरा मिळेपर्यंत धागा द्यायला मी बसले. पाच आठवडे. कॉलेजची हजेरी गेली बोंबलत.

परीक्षेचा फॉर्म अडला तेव्हा प्राचार्य म्हणाले, पालकांना घेऊन या. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"सर, पोरीला कावीळ झालती," म्हणाले.

मी हबकलेच. मला साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती!

"डॉक्टरांचा दाखला कुठाय?"

"दाखला कुठनं आणू सर? काविळीला आमच्यात डॉक्टर करत न्हाईत. झाडपाल्याचं औषध आन् पथ्य, बास. तुमच्या घरात बी वडीलधाऱ्यांनी ह्येच केलं आसंल की."

प्राचार्यांनी चष्मा काढला, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आमच्या आईनं मलाही तेच दिलं होतं." पुढं आप्पा एक अक्षर बोलले नाहीत. दुसरा कुणी असता तर हात जोडत, रडत बसला असता. आप्पांना कळलं होतं की आता गप्प बसायचं. फॉर्मवर सही झाली. जिन्यावर मला म्हणाले, "आईला सांगू नगंस, खोटं बोललो म्हणून. पर वरीस वाचलं की न्हाय तुझं?"

माझा वहिफणीचा निबंध मॅडमनी वर्गात वाचून दाखवला. मी अशी फुगले की विचारू नका. घरी येऊन आप्पांनाही वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. "झ्याक हाय," म्हणाले, "पर एक ऱ्हायलं. धागा देताना बोलायचं न्हाय, ह्ये न्हाय लिवलंस. बोललं की ध्यान जातंय." मी निबंधात ती ओळ वाढवली. ती ओळ मला खरंच कळली असती तर!

दुसऱ्या निबंधाला मॅडम म्हणाल्या, पुस्तकातली भाषणं नकोत, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं घ्या. मला कुठं शोधायला जायचंच नव्हतं. एका बैठकीत लिहून काढला. शर्टाला इस्त्री का केली होती, खुर्ची का नाकारली, दाखला नसण्याचं कारण आजारातच कसं लपवलं, ऐकणाऱ्याला त्याची आई कुठल्या क्षणी आठवायला लावली, सगळं. आजार झालाच नव्हता, हेही लिहिलं, कारण त्याशिवाय त्या बोलण्याची खरी करामत कळणार कशी? ते खोटं मला अभिमानाचं वाटत होतं, देवाशपथ. माझ्या बापाला असं बोलता येतं, हे मला जगाला सांगायचं होतं.

"नावं नाहीत ना कुणाची?" मॅडमनी विचारलं. "मग हा आणि वहिफणीचा, दोन्ही भित्तिपत्रकावर लावू."

आमच्याकडे प्रत्येक विभागाचं भित्तिपत्रक असायचं. जिन्यासमोर काचेची पेटी, आत मुलांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेले कागद, कडेनं स्केचपेनची नक्षी. उद्घाटन प्राचार्यांच्या हस्ते. फीत कापायची, फोटो काढायचा, पेढा खायचा आणि जायचं. ते वाचायचं असतं हे कुणाच्या गावीही नसायचं. त्या दिवशी फोटोग्राफर उशिरा आला. नुसतं उभं राहून काय करायचं म्हणून प्राचार्यांनी वाचायला सुरुवात केली.

आधी वहिफणी वाचली. त्यात 'मी सलग पाच आठवडे धागा दिला' असं मीच हौसेनं लिहिलेलं. मग शेजारचा, त्याच अक्षरातला कागद वाचला. नाव कुणाचं नव्हतं, पण चष्मा होता, घड्याळ होतं, आई होती. मी मेलीनं सगळं बारकाईनं बघून लिहिलेलं! त्यांनी चष्मा काढला. मी मागंच उभी होते, ते बघितलं आणि हळूच जिन्याकडे सरकले.

दुसऱ्या दिवशी आप्पांना बोलावणं गेलं. तोच शर्ट. या वेळी इस्त्री करायला वेळ मिळाला नव्हता. प्राचार्यांनी पेटीतून काढलेला कागद हातात घेऊन आप्पांना माझा निबंध पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. प्रत्येक वाक्य ऐकून घेत होते.

"मला वाटलं, काल्पनिक आहे," टेबलाशेजारी उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या.

काल्पनिक! स्वतःच्या कानांनी ऐकलेलं घ्या, असं कोण म्हणालं होतं बाई? अजून आठवलं की डोकं फिरतं माझं. पण तेव्हा मी आप्पांची वाट बघत होते. ते आता काहीतरी बोलतील, एका वाक्यात सगळं फिरवतील, असंच मला वाटत होतं. सही झालेला फॉर्म प्राचार्यांनी परत मागवून टेबलावर ठेवलेला, वर्ष माझं जायचं होतं, आणि आप्पा गप्प. कारण त्यांची इस्त्री, त्यांचं उभं राहणं, त्यांचं गप्प राहणंसुद्धा मी आधीच फोडून सांगून ठेवलेलं. त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं.

शेवटी प्राचार्यच म्हणाले, "मुलीचं नुकसान करायचं नाही मला. माफीनामा द्या." मग आप्पांच्या हाताकडे बघून म्हणाले, "मुलगीच लिहील. तिची भाषा चांगली आहे."

मी लिहिला. 'मी खोटे बोललो. मी आपला विश्वासघात केला.' मी, मी, मी, सगळं आप्पांच्या तोंडी घालून. आप्पांनी खाली सही केली. सही करताना पेन दोनदा उचललं.

एसटीत मी म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं."

"न्हाय," म्हणाले. "चांगलं लिवलंयस. सायबाला बी पटलं की."

दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. आता कागलला शिकवते, आणि लेखनाचा तास मलाच असतो. आप्पा माझ्यासाठी कुणापुढं परत बोलले नाहीत. स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे? म्हणाले, तिचं ती सांगंल. नोकरीच्या वेळी संस्थेतले एकजण त्यांच्या ओळखीचे निघाले. मी म्हटलं, आप्पा, एक शब्द टाका की. म्हणाले, "तूच दे लिवून."

गेल्या महिन्यात कबनूरला गेले होते. स्टँडवरून घराकडे येताना कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी आप्पांचा आवाज ऐकू आला. तोच, पूर्वीचा, खणखणीत. चारपाच म्हातारे भोवती, आणि आप्पा सांगत होते, "मग म्या म्हटलं, सर, तुमच्या घरात बी ह्येच केलं आसंल की!" म्हातारे हसून हसून खोकायला लागले. मला वाटलं होतं तसं ते बोलणं विसरले नव्हते, फक्त माझ्यासमोर सांगत नव्हते. मी थांबून ऐकायला लागले, तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. आवाज तिथंच बंद.

"पुढं काय झालं रं?" एकानं विचारलं.

आप्पांनी कप खाली ठेवला. "पुढचं तिला इचारा," म्हणाले. "तिनं लिवलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पुढं काय न्हाय. सही झाली, फॉर्म भरला, पास झालो."

कुणालाच पटलं नाही.