सरकीची गादी

दिल्लीत आणि मुंबईत मिळून जेवढी सरकारं पडली नसतील, तेवढी माझ्या मामेसासऱ्यांनी नरखेड तालुक्यातल्या आपल्या ओसरीवर बसून पाडली. मामेसासरे म्हणजे हिचे सख्खे मामा. ओसरीवर खिळ्याला एक फ्रेम टांगलेली असे आणि तिच्यात मामांच्या त्या हंगामातल्या लाडक्या पुढाऱ्याचा फोटो. कापसाला भाव असला की फोटोला हार. विदेशातून कापूस येणार अशी बातमी रेडिओवर लागली की मामा जेवणावरून उठत आणि उष्ट्या हातानेच पुढाऱ्याचं तोंड भिंतीकडे करत. त्याला सुधारायला सात दिवसांची मुदत. आठव्या दिवशी तो आत आणि दुसऱ्या पक्षाचा वर. 'आत' अशासाठी की मामा जुना फोटो टाकून देत नसत, नव्याच्या मागे सरकवून ठेवत. "लागते कधी कधी," म्हणत. त्यामुळे फ्रेमची पाठ इतकी फुगली की ती सुतळीने बांधावी लागली. मी नागपूरला नोकरीत, तेव्हा सीताबर्डीवरून नवा फोटो आणायचं काम माझ्याकडे. एकदा त्यांचं पोस्टकार्ड आलं, "जुन्याचे तोंड सोमवारपासून भिंतीकडे आहे. येताना विरोधकांचा आणावा. कोणताही चालेल, हसणारा नको."

सत्तरनंतर सरकारने ठरवलं की कापूस फक्त सरकारच घेणार. व्यापाऱ्याला विकायचा नाही आणि राज्याबाहेर तर मुळीच न्यायचा नाही. मामांच्या शेतापासून मध्य प्रदेशची हद्द चार कोसांवर, तिथे तपासणीचा नाका, आणि पलीकडे भाव चढा. मामांच्या मनाला हे फारच लागलं. फ्रेममधल्या पुढाऱ्याला त्यांनी सात दिवसांची मुदतही दिली नाही. नेमकं त्याच वर्षी कुसुमचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरत होतं. स्थळं पुष्कळ आली, पण मुलगा काय करतो, किती शिकला, हे मामींनी विचारायचं, मामांचा प्रश्न एकच असे, "घर नाक्याच्या कोणत्या बाजूले आहे?" शेवटी कुसुम नाक्यापलीकडे गेली. मुलगा सज्जन निघाला हे मामांचं नशीब. तेवढी चौकशी त्यांनी केलेलीच नव्हती.

आणि मग गाद्या सुरू झाल्या. कापूस नेता येत नसला तरी लेकीला गादी नेऊ नये असा काही कायदा नव्हता. दिवाळीला गादी, संक्रांतीला गादी, शिमग्याला चार. आत पिंजलेला कापूस नव्हे, शेतातून वेचलेला तसाच, सरकीसकट, पायाने दाबून भरलेला. जावयाने त्या अंगणात उसवायच्या, कापूस तिथल्या बाजारात घालायचा आणि रिकाम्या खोळी माहेरी परत. एका फेरीला मी मामांच्या बैलबंडीत होतो. नाक्यावरच्या शिपायाने गादी दाबून पाहिली.

"पाटील, हे गादी काहून एवढी टोचून राहिली?"

"पोरीच्या पाठीत वात आहे. वैद्यानं टोचरीच सांगतली."

"अन् मागच्या महिन्यात चार नेल्या त्या?"

"घर मोठं आहे गा तिचं. सारेच वातवाले."

शिपायाने सहानुभूतीने मान हलवली आणि बांबू वर केला. कुसुमच्या घरी दुपारी मी त्यातल्याच एका गादीवर जरा आडवा झालो आणि पाठ चोळत उठलो. कुसुम पदर तोंडाला लावून हसली. "भाऊजी, ते झोपाची गादी नाही. इतक्या गाद्या आल्या माहेरच्या, मी अजून एकीवर झोपली नाही."

पुढे सत्ता बदलली. मामांनी नव्या पुढाऱ्याला हार घातला, तो हसणारा असूनही. त्याने मामांचा छळ करणारा कायदा रद्द केला नाहीच, पण आपल्याकडचा सरकारी भाव मात्र वाढला आणि पलीकडचा बाजार पडला. आता गाद्या उलट्या येऊ लागल्या. जावई बंडी घेऊन नाक्यावर आला की तोच शिपाई विचारायचा, "काहून गा, सासरा आहेर परत करायले लावून राहिला काय?" एकदा मामा नाक्यापर्यंत जावयाला घ्यायला गेले होते. ते म्हणाले, "पोरीची पाठ बरी झाली. आता माही दुखते."

हसण्यासारखंच होतं सगळं. फक्त मामांचं पलीकडे जाणं थांबलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. कुसुम एका लग्नाला नागपूरला आली तेव्हा हिने विचारलं, मामा येऊन गेले का? कुसुम म्हणाली, "बाबा आता काहून येतील वं ताई? भाव तर आता त्यांच्याकडंच आहे." म्हणाली हसतच, पण नंतर बराच वेळ ती खिडकीशी उभी राहिली. मला मामांचा फार राग आला. तिचं वाक्य जसंच्या तसं पोस्टकार्डावर लिहून मी पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी मीच गेलो, तर मामा ओसरीवर मांडी घालून कापसाची एकेक सरकी बोटांनी वेगळी करत बसले होते. मामी हळूच म्हणाल्या, "आठ दिवस झाले. जिनिंगवर पाठवू म्हटलं तर ऐकत नाहीत." रेडिओवर विदेशी कापसाची बातमी लागली. मी फ्रेमकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मामा उठले नाहीत. पुढारी हसतच राहिला.

पिंजारी बोलावून त्यांनी गादी भरून घेतली आणि आम्ही निघालो. नाक्यावर शिपाई चक्रावला. "पाटील, उलटी काहून नेता? भाव तर इकडंच आहे."

"पोरीले झोपाले," मामा म्हणाले.

त्याने दोन्ही हातांनी गादी चाचपली, पुन्हा चाचपली, आणि बांबू वर केला. कुसुमने सवयीप्रमाणे उसवायला कात्री आणली. मामा म्हणाले, "राहू दे वं. तुहीच आहे." ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गादीवरून हात फिरवत गेली. एका कोपऱ्यात तिच्या बोटांना एक सरकी लागली. मामांना तेव्हा बारीक दिसत नव्हतं. ते ओशाळून ती काढायला वाकले, तर तिने त्यांचा हात धरला, आणि भर दुपारी, अंगणातच, त्या गादीवर डोळे मिटून पडली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती गादी दोनदा नव्याने पिंजून झाली आहे. दर वेळी कुसुम ती सरकी आधी काढून हातात धरून बसते, आणि गादी भरून झाली की पिंजाऱ्याला ती त्याच कोपऱ्यात परत घालायला लावते.