भोकं पडलेली वांगी

माझी सगळी नोकरी फॅक्टरीत माल तपासण्यात गेली. जरा ओरखडा दिसला की माल परत. रिटायर झाल्यावरही ही खोड गेली नाही आणि भाजीवाल्यापुढे तर ती फारच उफाळून येई. भेंडीची शेंडी मोडून पाहायची, भाव पाडायचा आणि निघताना फुकटची कोथिंबीर मागायची, यालाच मी बाजार करणं समजत होतो.

त्यामुळे सुनेनं विजय नगरातली बारा घरं गोळा करून एका शेतकरीणबाईकडून बिनफवारणीची भाजी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी नाक मुरडलं. निवडायचं नाही, घासाघीस करायची नाही, बाई पिकवेल ते सगळं वाटून घ्यायचं. वर नियम असा, की वाटे करणाऱ्यानं आपला वाटा सगळ्यांत शेवटी उचलायचा. अशी बाई शोधून तिचा विश्वास बसेपर्यंत, बँकेची नोकरी सांभाळून, सुनेचं वर्ष गेलं होतं.

एका रविवारी सून तापानं पडली आणि वाटे करायचं काम माझ्याकडे आलं. मी चष्मा लावून अंगणात बसलो आणि भोकं आहेत म्हणून अर्धी टोपली वांगी बाजूला काढली. बाई वाद घालत बसली नाही. ती वांगी पोत्यात भरता भरता एवढंच म्हणाली, "ठीक है बाबूजी. अगले हफ्ते से मंडी में ही दे देंगे."

तेवढ्यात सून शाल गुंडाळून बाहेर आली.

"बाबा, काहून परत करून राहिले तुम्ही? औषध मारलं नाही, म्हणून तर कीड आहे ना!"

जन्मभर माल तपासला आणि एवढं साधं मला कळू नये! ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती तशीच तापात खाली बसली आणि पोत्यातलं एकेक वांगं परत टोपलीत ठेवू लागली. त्या क्षणी मला तिचं फार कौतुक वाटलं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

"गलती मेरी है, बहन," मी बाईला म्हणालो. नोकरीत हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. बाई हसली नाही, येईन असंही म्हणाली नाही.

पुढच्या रविवारी मी सकाळपासून फाटकाशी उभा. बाई उशिरा आली, पण आली. वाटे मीच केले. सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जास्त भोकं असलेली वांगी उरली. ती मी उलटून न पाहता घरात नेली.