बोनसमधून कापलेले सत्त्याहत्तर हजार

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी सोळा वर्षं क्वालिटीत काढली, तो कारखाना कंपनीनं दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं. जूनमध्ये बहुतेक लोक भरपाई घेऊन गेले. आम्हा अकरा जणांना कंपनीनं पत्र दिलं: डिसेंबरअखेरपर्यंत थांबा, मशिनं नीट खोलून पाठवा, आम्ही एकदाच साडेतीन लाख रुपये बोनस देऊ. मी सही केली. त्या वेळी फार विचार केला असं नाही. थांबणं जाण्यापेक्षा सोपं वाटलं, इतकंच.

माझं काम मोजमापाच्या हत्यारांना चिठ्ठ्या लावायचं आणि त्यांची यादी करायचं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी गेज पुसून खोक्यात ठेवत होते तेव्हा बँकेचा मेसेज आला. पगार अधिक दोन लाख बहात्तर हजार सातशे ऐंशी. मी आकडा वाचला, फोन खिशात ठेवला आणि पुढच्या गेजला चिठ्ठी लावली. राग यायला हवा होता. खरं तर आनंदही व्हायला हवा होता, एकरकमी एवढे पैसे मला कधीच मिळाले नव्हते. दोन्हींतलं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्सच्या खोलीत गेले. तिथं आता एकटे काकाच उरले होते. मूळचे पिशोरचे, छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचे. मी नोकरीला लागले तेव्हापासून सगळ्यांचे पगार तेच बघत आलेले. त्यांना बोनस नव्हता. अकाउंट्सचं काम हेड ऑफिसकडं जाणार होतं, थांबवून घ्यावं असं त्यांच्याकडं काही नव्हतं.

"काका, बोनसवर इतका कर असतो?"

"बोनसवर वेगळा कर नसतोय मॅडम. बसा." त्यांनी खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या. "वर्षाचा पगार नि बोनस, एकच बेरीज करायची. त्या बेरजेवर कर."

"पण बारा लाखांपर्यंत कर नाही ना?"

"नाय. एरवी तुमचा पगार वर्षाला दहा लाख वीस हजार, म्हणून आतापर्यंत काहीच कापलं नाय. त्यात हे साडेतीन घाला. तेरा सत्तर. पंचाहत्तर हजारांची वजावट सगळ्यांना मिळती, ती काढा. बारा पंच्याण्णव राहिले. बारा ओलांडले की सूट गेली, मग चार लाखांच्या वरच्या सगळ्या रकमेवर टप्प्याटप्प्यानं कर बसतो. सत्त्याहत्तर हजार दोनशे वीस."

"थोडेसेच वर गेले तरी?"

"थोडंसं असतं तर सवलत असती. तुम्ही लई वर गेल्या."

मला समजलं. उठायला लागले होते, तेवढ्यात एक गोष्ट मनात आली आणि मी सहज विचारली. "काका, दहा वीस म्हणजे बारा महिन्यांचा पगार झाला. मी तर डिसेंबरला संपते."

काकांनी चष्मा सारखा केला आणि स्क्रीनवर माझं पान उघडलं. एप्रिलपासून ओळी होत्या. खाली डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. चारही महिन्यांपुढं पंच्याऐंशी हजार.

"सिस्टीमला म्हाईत नाय," ते म्हणाले.

"काय?"

"तुम्ही जाणार ते. हेड ऑफिसनं तुमची शेवटची तारीख टाकलीच नाय. ती तुम्हाला मार्चपर्यंत धरून चालली." मग बोटांवर मोजत म्हणाले, "नऊ महिन्यांचं सात पासष्ट, त्यात साडेतीन. अकरा पंधरा. वजावट काढली तर साडेदहाच्याही आत. म्हणजे तुम्हाला एक रुपया कर लागत नाय."

"तुमची तारीख टाकलीय का?"

त्यांनी स्वतःचं पान उघडून दाखवलं. "माझी ऑक्टोबरातच टाकली." त्यांच्या जानेवारी, फेब्रुवारी, मार्चपुढं शून्य, शून्य, शून्य होतं. "हे बरोबर हाय," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही. हिशोब जुळल्यावर ते नेहमी म्हणत तसंच.

कापलेला कर अजून सरकारकडं भरला गेला नव्हता. सात तारखेच्या आत हेड ऑफिसनं तारीख टाकली तर हिशोब फिरवता आला असता. मी तिथंच बसून मेल लिहिला. काकांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. 'माझा कामाचा शेवटचा दिवस ३१ डिसेंबर असून तो कृपया सिस्टीममध्ये नोंदवावा.' पाठवल्यावर वाटलं, नोकरीवरून काढायचं पत्र आपणच लिहून दिलं. पण ते वाटणंही लांबून आल्यासारखं होतं, शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखं.

उत्तर नऊ तारखेला आलं. तारीख नोंदवली आहे, कळवल्याबद्दल धन्यवाद. कर तोवर भरून झाला होता.

"आता जुलैत रिटर्न भरा," काका म्हणाले. "सगळे परत येतील. फक्त मार्चच्या आत दुसरीकडं लागलात तर तो पगारही यात धरायचा, हे ध्यानात ठेवा."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. "परत मिळतील ना? मग झालं," तो म्हणाला. मीही म्हटलं, झालं.

एकतीस तारखेला शेवटचा ट्रेलर गेला. आम्ही गेटवर चहा घेतला आणि घरी आलो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला चिकलठाण्यातल्या एका लहान कंपनीतून फोन आला. महिना साठ हजार, पंधरा तारखेपासून या, म्हणाले. मी काकांना फोन करून विचारलं. त्यांनी दोन मिनिटांत हिशोब केला: दीड महिन्याचे नव्वद हजार धरूनही बारा लाखांच्या आतच बसतं. "बिनधास्त जा मॅडम. कर लागत नाय."

मी त्या कंपनीला एप्रिलपासून येते असं कळवलं. आणि नवऱ्याला सांगितलं की आत्ता लागले तर बोनसवरचा कर परत मिळणार नाही, सत्त्याहत्तर हजार बुडतील. तो म्हणाला, मग एप्रिलच बरा.

असं का केलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. मला थकवा नव्हता. रडू येत नव्हतं. सकाळी सगळे गेले की मी भांडी घासून गॅलरीत बसायचे आणि अकरा वाजलेले असायचे. मग दीड. कुणी आजारी का म्हणून विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं. पण नव्या गेटमधून आत जायचं, नवं कार्ड गळ्यात घालायचं, हे शरीराला जमणार नाही असं ठाम वाटत होतं, आणि नवऱ्याला पटेल असं कारण माझ्याकडं एकच होतं.

एप्रिलमध्ये गेले. जमलं. काम तेच आहे, माणसं कमी आहेत.

जुलैत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच रिटर्न भरलं. ऑगस्टच्या अखेरीस पैसे आले, वर थोडं व्याजही. त्या संध्याकाळी नवरा कांदा चिरत होता. मी त्याला फेब्रुवारीचं खरं सांगितलं.

त्यानं चिरलेला कांदा ताटलीत काढला. "तेव्हा सांगितलं असतंस तरी मी काही म्हटलं नसतं."

"माहीत होतं," मी म्हणाले. "पण मग कारण विचारलं असतंस."

"विचारलं असतं," तो म्हणाला.

मी कढई गॅसवर ठेवली. आलेल्या पैशांतून मुलीच्या क्लासची फी भरायची आम्ही ठरवलं. उरलेले अजून खात्यात आहेत.