मावशींची हजेरी

आजारी माणसांची उस्तवार करण्यात मावशींची बावीस वर्षं गेली. सगळे त्यांना मावशीच म्हणत, सध्या त्या ज्यांना सांभाळत ते, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले आजोबासुद्धा. अर्धांगवायूने आजोबांची डावी बाजू गेली होती, जीभ मात्र शाबूत होती. "साखर विसरलात, की डॉक्टरांना घाबरलात?" असं विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

आणि अशा बाईला, तिला कामावर पाठवणाऱ्या कंपनीच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "दोन दिवस गैरहजर आहात तुम्ही. ॲपवर हजेरी लावताना तुमचा फोन आजोबांच्या जुन्या घरी दिसतोय. तिसऱ्यांदा असं झालं तर काम बंद."

"अहो, जुन्या घराला कुलूप आहे! दोनच दिवस झाले बिऱ्हाड हलवून. हे काय, आजोबा खोकतायत, ऐका!"

"मला खोकला दिसत नाही, मावशी. मला नकाशा दिसतो."

मावशींची पाचावर धारण बसली. नवरा नाही, मुलीचं कॉलेज ह्याच कामावर चाललेलं.

मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने फोन उलटसुलट पाहिला. "फोन आजूबाजूचे वायफाय बघून जागा ओळखतो. आजोबांच्या वायफायच्या डब्याची नोंद जुन्या घराची आहे. डबा इकडे आला, नोंद तिकडेच राहिली. सुधारेल आपोआप, पण महिनाभर लागेल." त्याने फोनचं वायफाय बघणंच बंद केलं, तर कंपनीचं हजेरीचं ॲप उघडेना. "मग हजेरीपुरता डबा बंद करा. नाहीतर रस्त्यावर या. मोकळ्या आभाळाखाली फोनला उपग्रह सापडतात."

मावशींनी सकाळी नऊच्या हजेरीला डबा बंद केला, तर आजोबांच्या खोलीतला कॅमेराही गेला. परदेशातून आजोबांच्या मुलाचा फोन आला. "नऊ वाजता कॅमेरा का बंद होता? काय लपवताय?" मावशींनी सगळं समजावलं. तो म्हणाला, "ते मला माहीत नाही. डब्याला हात लावायचा नाही."

लपवताय म्हणे! बाईच्या जिव्हारी लागलं ते.

मग राहिला रस्ता. रोज नऊला मावशी आजोबांना खुर्चीत बसवत, "हलायचं नाही हं," असं बजावत. आजोबा म्हणत, "मी कुठे पळून जातोय?" दोन मिनिटांत हजेरी लावून मावशी परत. चार दिवस सुरळीत गेले.

पाचव्या दिवशी फोनला उपग्रह सापडेनात. मावशी फोन उंच धरून कोपऱ्यापर्यंत गेल्या, परत आल्या. सहा-सात मिनिटांनी एकदाची 'हजर' अशी हिरवी खूण आली. मावशींचा जीव भांड्यात पडला.

घरात आजोबा जमिनीवर पडले होते. कपाळ फुटलेलं, उजवा हात टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याच्या दिशेने. तो पेला जवळ ठेवायचा राहिला होता.

मावशींनी कंपनीला आणि मुलाला कळवलं. दवाखान्यात टाके पडत असताना आधी मॅडमचा फोन आला. "घाबरू नका. नोंदीप्रमाणे तुम्ही त्या वेळी घरातच होता. स्वयंपाकघरात होते, असं सांगा. कंपनी तुमच्या पाठीशी आहे."

इतके दिवस खरं सांगून घसा कोरडा पडला तेव्हा कुठे होती हो ही कंपनी?

लगेच मुलाचा फोन आला. "मावशी, बाबा पडले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

पडद्याआडून आजोबांचं कण्हणं ऐकू येत होतं. मावशींनी डोळे पुसले.

"मी घरात नव्हते," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर हजेरी लावत होते."