भोंग्याचे ओठ कुणी सुजवले?

गल्लीत त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि तो ते नाव पदवीसारखं मिरवायचा. बँडमध्ये पहिला ट्रम्पेट त्याचा. पुढे तो, मागे बाकीचं जग, असा साधा हिशेब. त्यात नव्या नाट्यगृहाच्या उद्घाटनाला सुरुवातीची धून एकट्याने वाजवायचा मान मिळालेला. आणि नेमके ओठ सुजून पावासारखे झाले.

दुसरा ट्रम्पेट वाजवणारा त्याचा साडू रोज चौकशीला येऊ लागला. "घाई नको हं भाऊ, गरज पडली तर मी आहेच." चेहरा काय दुःखी, डोळे काय आनंदी!

भोंग्याने गुन्हेगार घरातच पकडला: बायकोचा स्वयंपाक. वाजवताना काही होत नसे, ओठ फुगायचे दुसऱ्या दिवशी, जेवल्यावर. मग मिरची बंद झाली, शेंगदाणे बंद झाले, लिंबूही गेलं.

"आता पाणी तरी उकळू ना, की तेही बाधतं?" बायको म्हणाली. "आणि तो माउथपीस दिवसभर घासत बसता, त्याचं काय?"

"स्वच्छता म्हणतात त्याला. तुला नाही कळायचं."

ओठ दुखायला लागल्यापासून तो ट्रम्पेटचं हे ओठांना लावायचं टोक जास्तच घासायचा. वरचा चांदीचा मुलामा केव्हाच उडाला होता.

शेवटी बायकोनेच त्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीखाली वेगळा पदार्थ, आणि पाठ भिजवायची नाही असं बजावलं.

"म्हणजे बँडच्या आधी वास पुढे जाणार," बायको म्हणाली.

पट्ट्या निघाल्या तेव्हा निकेल धातूच्या पट्टीखालची जागा लालबुंद. "निकेल, म्हणजे तुमचा माउथपीस," बाई म्हणाल्या.

"पण बाई, इतकी वर्षं तोच माउथपीस वाजवतोय की."

"मुलाम्याखालचं निकेल आता उघडं पडलं. कातडीत पहारेकरी पेशी असतात. त्या निकेल पकडून जवळच्या लसिकागाठीत नेतात आणि लढाऊ पेशींना दाखवतात. काही पेशी ते कायम लक्षात ठेवतात. पुन्हा निकेल दिसलं की फौज धावते, पण जमायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून लोक भलत्यालाच दोष देतात."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बायको म्हणाली. "संन्यासी मी."

"आणि या पेशी विसरतात कधी?" भोंग्याने हळूच विचारलं.

"सहसा नाही."

"हिच्या माहेरच्या असणार."

मलमाने ओठ उतरले, प्लॅस्टिकचा माउथपीस आला. "खेळण्याच्या दुकानातून का?" साडूने विचारलं. उद्घाटनाला तो मागे ओठ ओले करून तयार उभा होता. भोंग्याने धून शेवटच्या उंच सुरापर्यंत नेली, टाळ्या कडाडल्या. पण खरी परीक्षा पुढेच होती. पुढचे दोन दिवस तो आरशासमोरून हलला नाही.

तिसऱ्या सकाळी ओठ जसेच्या तसे. साडू दारात आला.

"कसं काय भाऊ, सूज?"

भोंग्याने ट्रम्पेट उचलला आणि दारातच सगळी धून वाजवली. साडू चहाला काही थांबला नाही.